गॉलब्लॅडर ग्रॉस करताना घाई नको
अरे नवीन आलायस म्हणून सांगतो, खड्यांसाठी काढलेलं गॉलब्लॅडर (पित्ताशय) ग्रॉसिंगला, म्हणजे डोळ्यांनी तपासून मायक्रोस्कोपसाठी तुकडे घ्यायला, आलं की रुटीन आहे म्हणून एक तुकडा घेऊन मोकळा होऊ नकोस, कॅन्सर बऱ्याचदा असाच अचानक सापडतो. पूर्ण उघड, भिंत कुठे जाड लागतेय ते बोटाने चाचप, फंडस (त्याचं गोल टोक) नीट बघ, आणि सिस्टिक डक्टची (पित्ताशयाच्या नळीची) मार्जिन, म्हणजे कापलेली कड, आधीच घे, मागाहून शोधत बसावं लागतं.

कॅन्सरच्या प्रकाराचं म्हणशील तर साधारण ९० टक्के अ‍ॅडिनोकार्सिनोमाच, म्हणजे ग्रंथीसारख्या पेशींचा कॅन्सर, त्यातही जास्त बिलिअरी टाइप (पित्तनळीच्या पेशींसारखा). पॅपिलरी (बोटांसारखे उंचवटे असलेला) असेल तर त्यातल्या त्यात बरं, स्मॉल सेल दिसलं तर अवघड आहे. पण खरं सांगू का, नावापेक्षा तो भिंतीत किती खोल गेलाय ते महत्त्वाचं, त्याचीच पायरी टी१, टी२ अशी लिहितात. इथे सबम्युकोजा (अस्तर नि स्नायू यांच्यामधला थर) नसतोच, त्यामुळे लॅमिना प्रोप्रियापुरतं (अस्तराच्या पेशींखालच्या पातळ थरापुरतं) असेल तर टी१ए, स्नायूत शिरलं की टी१बी, आणि तिथूनच सर्जन परत आत जाऊन लिव्हरचा भाग नि नोड्स (लसीका गाठी) काढायचा विचार करतो. टी२ (स्नायूच्या पलीकडच्या थरात गेलेलं) असेल तर लिव्हरकडची बाजू की पेरिटोनियमकडची (पोटाच्या आतल्या आवरणाकडची) तेही लिही.

रोकिटान्स्की-अ‍ॅशॉफ सायनस (अस्तराचे भिंतीत शिरलेले साधे खिसे) खोलवर दिसले म्हणून लगेच इन्व्हेजन, म्हणजे कॅन्सर आत शिरलाय, असं म्हणू नकोस हां. शंका आली तर उरलेलं सगळं गॉलब्लॅडर प्रोसेसिंगला टाक, टेक्निशियन कुरकुरले तरी.