आभाळ भरून आलं की आबा कुठे जातात?

प्रश्न : बाई, नमस्कार. होळीच्या चार दिवस आधी माझे सासरे वारले. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. रोज संध्याकाळी आबांचं बोट धरून तो गंगावेशीत जायचा आणि कट्ट्यावर समोर काढलेलं म्हशीचं दूध प्यायचा. त्याच्यासाठी मी एक गोष्ट लिहिली. तिच्यात आजोबांची चांदणी होते आणि ती रोज रात्री नातवाकडे बघते. त्याला गोष्ट फार आवडली. गच्चीवर जाऊन तो चांदणीशी बोलायला लागला. पण पाऊस लागल्यापासून आभाळच दिसत नाही. 'आबा माझ्यावर रागावलेत का?' म्हणून रडतो. गोष्ट चुकली का माझी? सोबत पाठवली आहे.
– एक आई, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : तुमची गोष्ट मी दोनदा वाचली. पहिली चार पानं फार चांगली उतरली आहेत. नातवाच्या ओठांवरचा फेस आबा धोतराच्या सोग्यानं पुसतात आणि आपल्या ग्लासातला शेवटचा घोट त्याच्यासाठी राखून ठेवतात, तिथं मी थांबले आणि मग पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. पाचव्या पानावर मात्र आबा एकदम आभाळात आहेत. मधलं एक पान तुमच्या हातून राहून गेलंय. 'आबा वारले' हे वाक्य अख्ख्या गोष्टीत कुठेच नाही.

त्या वाक्याची जागा चांदणीनं घेतली, म्हणून तिच्यावर एवढा भार पडला. पंचगंगा पात्राबाहेर पडायच्या दिवसांत आपल्याकडे आठ-आठ दिवस सूर्याचं दर्शन होत नाही, तिथं चांदणी कुठून दिसणार? आबा म्हणजेच चांदणी, असं मनात धरलेल्या मुलाला वाटणारच की आबा पुन्हा गेले, आणि या खेपेला आपल्यामुळे.

हे 'आपल्यामुळे' मी भोगलंय. माझी आजी गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. आम्ही मंगळवार पेठेत राहत होतो. मला शेजारी पाठवलं आणि सांगितलं, 'आजी पंढरीला गेली.' पुढं शेजारच्या काकू खरोखरच पंढरपूरहून आल्या. त्यांनी माझ्या ओंजळीत प्रसादाचे चुरमुरे घातले, आणि मी त्यांच्या पाठीमागं दाराकडे बघत राहिले. आजी काही आली नाही. ती जायच्या आदल्या दिवशी तिच्यावर रुसून मी तिची मिश्रीची डबी ज्वारीच्या कणगीमागं लपवली होती. मिश्री मिळाली नाही म्हणून आजी निघून गेली, हे मी मनात ठेवलं. आईला सांगितलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. पाच वर्षं एका लहान मुलीनं ते एकटीनं वागवलं. घरच्यांना मला फक्त दुःखापासून जपायचं होतं.

मारिया नॉद्य या अभ्यासिकेनं बुडापेस्टमधल्या तीन ते दहा वर्षांच्या मुलांना मरणाबद्दल विचारलं होतं. तो अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध झाला. पाचाच्या आतली बरीच मुलं मरणाला झोप किंवा प्रवास समजत होती. म्हणजे 'आबा झोपले', 'आबा गावाला गेले' हे मूल शब्दशः घेतं. मग ते झोपायला घाबरतं, नाहीतर वाट बघत बसतं. 'देवाघरी गेले' हे तुमच्या घरी मानत असाल तर जरूर म्हणा, पण 'वारले' म्हणून झाल्यावर.

चांदणीवर माझा राग नाही. टॉमी डीपाओला या अमेरिकन चित्रकार-लेखकाचं १९७३ सालचं एक चित्रपुस्तक आहे, माडीवरच्या आणि खालच्या अशा दोन आज्यांचं. त्यातही तुटता तारा येतो. पण त्याआधी आई मुलाला माडीवरची आजी वारली असं स्वच्छ सांगते. मुलगा विचारतो, म्हणजे काय? ती सांगते, म्हणजे ती आता इथं नसणार. तो धावत माडीवर जातो, पलंग रिकामा दिसतो, तो रडतो. तारा येतो त्याच्यानंतर. तुमच्या गोष्टीत हा रिकामा पलंग हवा. तुमच्या घरातलं रिकामं काय आहे, ते तुम्हालाच ठाऊक. खुंटीवरची टोपी असेल, दाराजवळची काठी असेल.

राहिलेलं पान अगदी साध्या वाक्यांत लिहा. 'आबा वारले. म्हणजे त्यांचं शरीर चालायचं थांबलं. आता ते श्वास घेत नाहीत, त्यांना भूक लागत नाही, काही दुखत नाही. ते परत येणार नाहीत. तू काही केलंस म्हणून ते गेले नाहीत.' शेवटचं वाक्य कुठल्याही कारणानं गाळू नका. गोष्टीतल्या नातवाच्या तोंडी 'आबा रागावलेत का?' हा प्रश्नही घाला. आपल्या मनातलं दुसऱ्या कुणी पोरानं पुस्तकात विचारलं की मुलं मोकळं बोलतात, हे मी वर्गात पुष्कळदा पाहिलंय.

तो 'काही दुखत नाही'वर अडेल. होळीला तालमी-मंडळं स्मशानभूमीसाठी शेणी, म्हणजे गोवऱ्या, गोळा करतात, ते आपल्या पेठांतली पोरं बघतच असतात. तुमच्या घरी तर ते चारच दिवसांत आलं. 'आबांना चटका बसला का?' असं त्यानं विचारलं तर दचकू नका, विषय बदलू नका. नाही बसला, मेल्यावर शरीराला काहीच कळत नाही, असं सांगा. दहा वेळा विचारलं तर दहा वेळा सांगा. गोष्टीत मात्र चिता नको, सहा वर्षांच्या मुलाला त्या चित्राची गरज नाही. रक्षाविसर्जनाला घरचे पंचगंगेवर गेले, एवढं पुरे.

चांदणी राहू दे, पण तिला आबा करू नका. आबांची आठवण आली की नातू तिच्याकडे बघतो, असं लिहा. आणि एक पावसाचं पान घाला. ढग आलेत, चांदणी दिसत नाही, तरी तो कॉटवर बसून आईला आबांचं काहीतरी सांगतोय.

शेवटचं पान आत्ताच लिहू नका. पाऊस जरा उघडला की त्याला घेऊन तुम्ही दोघं गंगावेशीत जा. आबा गेल्यापासून कुणी नेलं नसेल, असं तुमच्या पत्रावरून वाटलं. कट्ट्यावर उभे राहा, दूध घ्या. कुणी आबांची चौकशी केली तर त्याच्यादेखत सांगा, वारले म्हणून. मग त्याच्या ओठांवर फेस येईल. तो मनगटानं पुसेल, की वडिलांपुढे तोंड करेल, की तसाच राहू देईल, ते बघा आणि जसं घडेल तसं लिहा.