वाचकांचे प्रश्न: जाड पट्टी मारली की पंख मजबूत होतो का?

प्रश्न: ताई, मी मूळचा सांगलीचा, बारा वर्षं झाली टेक्सासमध्ये आहे, स्पोर्ट पायलटचं लायसन्स मागच्या वर्षी झालं. इथे एका आजोबांच्या गॅरेजमध्ये झोडियाक सीएच ६०१ एक्सएल या घरी बांधायच्या छोट्या विमानाचं किट अर्धवट बांधून पडलंय. दोन्ही पंख पूर्ण झालेत, रिवेट मारून बंद केलेत, आणि शेजारी कंपनीच्या अपग्रेडचा बॉक्स सीलबंद आहे तसाच. आजोबा म्हणतात की ते अपग्रेड करायचं तर तयार पंख उघडावे लागतील, त्यापेक्षा पंखाच्या मुळाशी स्पारला, म्हणजे पंखाच्या आतल्या मुख्य तुळईला, एक जाड पट्टी बोल्टने मार, विषय संपला. विमान खूप स्वस्तात मिळतंय. काय करू?

उत्तर: दादा, घ्यायचं की नाही ते पुढे बोलू, पण पट्टी मारू नका. आधी हा बॉक्स आला कुठून ते सांगते, कारण आजोबांनी बहुतेक तो उघडला नाही तसा त्याचा इतिहासही वाचलेला नाही.

झोडियाक ६०१ एक्सएल हे क्रिस हाइन्ट्झ यांचं डिझाइन, मिसूरी राज्यातल्या मेक्सिको नावाच्या गावातली झेनिथ कंपनी त्याची किटं विकायची. अख्खं अॅल्युमिनियमचं दोन सीटर, ६०० किलो वजनाच्या मर्यादेतलं, बांधायला सोपं, त्यामुळे लोकांना फार आवडलं. आणि मग २००६ पासून ही विमानं हवेत मोडायला लागली. १४ एप्रिल २००९ ला अमेरिकेत अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबीने विमानांचे नियम ठरवणाऱ्या एफएएला सांगितलं की ही विमानं उडवणं थांबवा, तोवर अमेरिका आणि युरोप धरून सहा विमानं हवेत मोडली होती आणि दहा माणसं गेली होती. एफएएने रिव्ह्यू टीम बसवली, नोव्हेंबर २००९ मध्ये बुलेटिन काढलं आणि कंपनीने मजबुतीचं पॅकेज दिलं. तुमच्या आजोबांच्या गॅरेजमधला बॉक्स तो हाच.

आता नीट वाचा, कारण सगळी गोम इथे आहे. त्या रिव्ह्यूला एकच एक कारण सापडलं नाही. डिझाइन करताना पंखावर किती लोड येईल याचा धरलेला हिशोब कमी पडत होता, एलेरॉनला, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या फळीला, फ्लटरची (आपोआप वाढत जाणाऱ्या फडफडीची) शक्यता होती, वेग दाखवणाऱ्या एअरस्पीड इंडिकेटरच्या कॅलिब्रेशनचा प्रश्न होता, आणि वजन मागे गेलं की स्टिक इतकी हलकी व्हायची की पायलट नकळत जास्त जी (गुरुत्वाच्या पटीतला भार) खेचेल. म्हणून पॅकेजमध्ये पण एक पट्टी नाही, बरंच काही आहे: पंखाचा मेन स्पार, केबिनखालून जाणारा मधला स्पार, मागचा विंग जॉइंट, आणि एलेरॉनना बॅलन्सचं वजन. तुमची जाड पट्टी यातल्या फार तर एका गोष्टीला हात लावेल, तोही चुकीच्या पद्धतीने.

चुकीच्या का, तर पालखी आठवा. भोई दोन्ही टोकांना, वजन मधे, दांडा मधेच सगळ्यात जास्त वाकतो. विमानात पंख म्हणजे भोई आणि तुम्ही, इंजिन, पेट्रोल म्हणजे पालखी, म्हणून पंखाच्या मुळाशी वाकण्याचा जोर सर्वात जास्त, स्पारचा खालचा कॅप (कडेचा जाड भाग) ताणला जातो, वरचा दाबला जातो. साठ अंशात बँक करून उंची न सोडता वळलात की भोई तेच पण पालखी दुप्पट जड, २ जी. इथपर्यंत आजोबांचं बरोबर आहे की मूळ महत्त्वाचं. पण पट्टी कुठेतरी संपणारच ना? जिथे संपते तिथे जाड स्पार एकदम पातळ होतो आणि सगळा ताण त्या कडेला गोळा होतो. जुन्या पँटला ठिगळ लावलं की कापड ठिगळात फाटत नाही, ठिगळाच्या कडेला फाटतं, तसंच. म्हणून ड्रॉइंगमधल्या डबलरचं, म्हणजे मजबुतीच्या जोडपत्र्याचं, टोक निमुळतं करतात, भोकांच्या ओळी पायरीपायरीने संपवतात, जाडी हळूहळू उतरवतात.

मी हे डोळ्यांनी बघितलंय. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आमच्याकडे फवारणीचं एक विमान आलं होतं, कोणीतरी आधी स्पारवर चौकोनी टोकाची पट्टी मारलेली, काम दिसायला इतकं सुबक की मी कौतुकच केलं. माझ्या सीनियरने टॉर्च आडवा धरला आणि पट्टीच्या शेवटच्या रिवेटपासून निघालेली रेघ दाखवली, तांदळाच्या दाण्याएवढी. मला तो पेंटचा ओरखडा वाटला होता. नख फिरवलं तर नख अडकलं. पट्टी होती तशीच घट्ट, तिच्या शेजारचा स्पार चिरत चालला होता. त्या दिवसापासून मी कोणाचंही सुबक काम आडव्या उजेडाशिवाय पास करत नाही.

दुसरं म्हणजे फ्लटर, आणि याला पट्टीचा काडीचा उपयोग नाही. एलेरॉनचं वजन बिजागरीच्या मागे असेल तर पंख वर उसळला की एलेरॉन मागे रेंगाळतो, त्याने पंखाला अजून धक्का बसतो, परत तेच, आणि एका ठराविक स्पीडच्या पुढे हे दर फेऱ्याला वाढत जातं, वाऱ्यात पताका फडफडते तसं, फक्त इथे काही सेकंदांत विमान तुटतं. उपाय म्हणजे बिजागरीच्या पुढे वजन टाकून एलेरॉन तोलणं. शिवाय एलेरॉन हलवणाऱ्या केबलचं टेन्शन. एनटीएसबीने केबल ढिल्या राहण्याचा मुद्दा स्पष्ट मांडला होता, म्हणून टेन्सिओमीटर लावून बघा, बोटाने दाबून अंदाज नको.

तर मग काम काय आहे? पंख उघडायचे. घाबरू नका, दोन पुल रिवेट काढलेत की हात बसतो. आधी बारीक पंचने मधली खिळी आत ठोका, मग रिवेटच्याच मापाचा ड्रिल बिट, कमी स्पीड, फक्त डोकं उडेपर्यंत. रिवेट ड्रिलबरोबर गरगर फिरायला लागला तर लगेच थांबा, जोर केलात तर गोल भोकाचं अंडं होतं. अंडं झालं तर पुढच्या मापाचा रिवेट घालता येतो, पण भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत रिवेटच्या व्यासाच्या दुप्पट अंतर उरायला हवं, ४ मिलिमीटरच्या रिवेटला ८ मिलिमीटर, तेवढं नसेल तर तो पार्ट बाजूला ठेवून कंपनीला विचारा. सगळा चुरा व्हॅक्यूमने काढा, राहिला तर तो आत पत्र्याला घासत राहतो. आणि पंख उघडलेच आहेत तर आजोबांनी आत काय केलंय ते एकेक भोक बघून घ्या, मला तर हाच सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

हेही सांगते की घरी बांधलेल्या विमानाला हे अपग्रेड फॅक्टरीत तयार झालेल्या विमानांसारखं सक्तीचं नव्हतं, जोरदार शिफारस होती, म्हणून बाजारात अजून बिन-अपग्रेडची ६०१ दिसतात. तुम्ही मात्र तो बॉक्स किमतीत धरून, सीरियल नंबर कंपनीला कळवून ड्रॉइंग सगळ्यात नवीन आहेत ना ते विचारून मगच घ्या. पंख उघडायची तयारी नसेल तर घेऊ नका. आणि अपग्रेड झाल्यावरही टेक्सासमध्ये दुपारी थर्मल (गरम हवेचे वर जाणारे झोत) सुटतात तेव्हा मॅनुव्हरिंग स्पीडच्या, म्हणजे धक्के पंखाला झेपतील अशा वेगमर्यादेच्या, खाली राहा. विमान जितकं हलकं तितका हा स्पीड कमी होतो, हे बरेच जण उलटं समजतात.

प्रश्न: ताई, माझी मुलगी फ्लोरिडात पायलटचं ट्रेनिंग घेतेय, पायपर पीए-२८ वर. त्याच्या पंखाला क्रॅक जातात असं ऐकलं. क्रॅकवर मजबुती करतात का? रात्री झोप येत नाही. — एक बाबा, नाशिक

उत्तर: काका, तुमची काळजी समजते. ४ एप्रिल २०१८ ला डेटोना बीचजवळ एका पीए-२८आर-२०१ चा डावा पंख तुटला, परीक्षा देणारा विद्यार्थी आणि परीक्षक दोघेही गेले. विमान २००७ सालचं, म्हणजे जुनं म्हणता येणार नाही असं. स्पारच्या खालच्या कॅपमध्ये बोल्टच्या भोकापासून फटीग क्रॅक (वारंवार ताण येऊन पडणारी चीर) निघाला होता, आणि ती जागा अशी की बाहेरून बघून तो दिसत नाही.

त्यानंतर एफएएने आदेश काढला, फेब्रुवारी २०२१ पासून लागू, की ठराविक तास झाले की ते खालचे बोल्ट काढून भोकाच्या आतून एडी करंट तपासणी (विजेच्या प्रवाहाने लपलेली चीर शोधणं) करायची. तास मोजायची पद्धत मला फार पटते. ट्रेनिंगचं विमान दर १०० तासांनी तपासणीला जातं, म्हणून अशा तपासण्या जितक्या झाल्या ते गुणिले १०० तास पूर्ण धरायचे आणि उरलेले तास १७ ने भागायचे. समजा विमान ८,००० तास उडलंय आणि ६० तपासण्या झाल्यात, तर ६,००० अधिक २,००० भागिले १७, म्हणजे साधारण ६,११८. मर्यादा ५,००० ची, म्हणजे हे तपासणीत येतं. तेच ८,००० तास कोणी घरगुती वापरात, एकही १०० तासांची तपासणी न लागता उडवले असतील तर साधारण ४७१ च धरतात. कारण शिकाऊ पायलट दिवसभर लँडिंग करतात, खाली गरम हवेत धक्के खातात, पंखाला तो मार जास्त.

आणि तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर: नाही, त्या क्रॅकवर पट्टी मारत नाहीत. क्रॅक सापडला की स्पार बदलायचा. मुलीला सांगा की शाळेत हक्काने विचार, या विमानाची एडी करंट तपासणी झाली का, कधी झाली, लॉगबुकात नोंद दाखवा. असं विचारल्याने कोणी नाराज होत नाही, उलट चांगल्या शाळेतला मेकॅनिक पान उघडून दाखवतो. आणि ती हे विचारतेय हे तुम्हाला फोनवर कळलं की तुम्हालाही बरं वाटेल.

प्रश्न: मॅडम, आम्ही पुण्यात इंजिनिअरिंगला आहोत, अल्ट्रालाइटचा प्रोजेक्ट आहे. अॅल्युमिनियमच्या स्पारवर कार्बन फायबरची पट्टी इपॉक्सीने चिकटवली तर वजन न वाढता ताकद वाढेल ना?

उत्तर: मुलांनो, कल्पना वेडी नाही, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९७० च्या दशकापासून लढाऊ विमानांच्या क्रॅकवर असेच चिकटवलेले पॅच वापरले. पण त्यांनी मुख्यतः बोरॉन फायबर घेतलं, कार्बन नाही, आणि त्याचं मोठं कारण असं की कार्बन आणि अॅल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना लागले की अॅल्युमिनियम गंजतं. पुण्याचा पावसाळा तुम्हाला माहितीच आहे.

दुसरी गोष्ट तुम्ही स्वतः हिशोब करून बघा. दोन मीटरचा अॅल्युमिनियमचा स्पार पहाटेपासून दुपारच्या उन्हापर्यंत ४० अंशांनी तापला तर जवळपास १.८ मिलिमीटर लांब होतो, कार्बनची पट्टी जवळजवळ होतच नाही. हा फरक रोज टोकाच्या इपॉक्सीने सोसायचा, आणि इपॉक्सी सुटायला टोकापासूनच सुरुवात होते. प्रोजेक्टसाठी मी म्हणेन दोन-तीन टेस्ट पीस करा, मधे ग्लास फायबरचा एक थर घाला, पट्टीची टोकं पायरीने उतरवा, एकावर वाळूच्या पिशव्या रचून मोडेपर्यंत लोड द्या, दुसरा महिनाभर गच्चीवर ठेवून मग लोड द्या. आकडे वहीत लिहा, मला पाठवा, मी बघेन.

उडवायचं मनात असेल तर आधी डीजीसीएचे, म्हणजे भारतातल्या विमान वाहतूक नियामकाचे, नियम वाचा, बांधून झाल्यावर नाही. अमोल यादव यांनी कांदिवलीत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर सहा सीटर विमान उभं केलं, २०१६ मध्ये बीकेसीत लोकांनी ते बघितलं, आणि तरी डीजीसीएची नोंदणी हातात पडायला नोव्हेंबर २०१७ उजाडला. तेव्हा टेस्ट पीसच्या वहीतच पहिल्या दिवसापासून पत्र्याचा ग्रेड, इपॉक्सीचा बॅच नंबर, त्या दिवसाचं तापमान आणि काम कोणी केलं त्याची सही ठेवायला लागा, कारण तपासायला आलेला माणूस सगळ्यात आधी तेच मागेल.