निसान जीटी-आर (आर३५) इतकी जुनी झाली असताना तिची किंमत योग्य म्हणता येईल का?

केवळ वेगाचा हिशेब मांडायचा असेल, तर माझ्या मते नाही. आर३५ पिढीची ही जपानी स्पोर्ट्स कार २००७ च्या अखेरीस जपानमध्ये विक्रीस आली आणि २०२५ मध्ये तिचे उत्पादन थांबले. या काळात तिच्या ३.८ लिटर, दोन टर्बोंच्या व्ही६ इंजिनाची ताकद ४८० पीएसवरून (पीएस म्हणजे अश्वशक्तीचे एकक) ५७० पीएसपर्यंत गेली, तर अमेरिकेतील मूळ किंमत सुमारे ७० हजार डॉलरवरून १ लाख २० हजारांच्या आसपास पोहोचली. त्याच बाजारात शेवरोलेची मध्यभागी इंजिन असलेली कॉर्व्हेट २०२० मध्ये साठ हजारांच्या आत मिळू लागली होती, हे विसरून चालणार नाही.

तरीही जीटी-आरची किंमत अगदीच अनाठायी नाही. प्रत्येक इंजिन सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच कारागीर हाताने जुळवत असे आणि त्याच्या नावाची पट्टी त्या इंजिनावर लावली जात असे. इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागच्या चाकांजवळ असल्यामुळे वजन चांगले विभागले जाते, मात्र पुढच्या चाकांना ताकद देण्यासाठी आणखी एक दांडा उलट पुढे आणावा लागतो. ही रचना महागडीच आहे. संथ वाहतुकीत तिच्या मागच्या बाजूने येणारी खडखड नव्या मालकाला घाबरवते, पण ती सहसा बिघाडाची खूण नसते.

आता गाडी जुनीच घ्यावी लागणार असल्याने गिअरबॉक्सच्या देखभालीच्या नोंदी पाहिल्याशिवाय आणि इंजिनात परस्पर फेरफार झालेले नाहीत याची खात्री केल्याशिवाय व्यवहार करू नये.