वाचकांचे प्रश्न : २२ मीटरची पट्टी आणि ओपन सोर्समधले योगदान

प्रश्न : वाळवा तालुक्यात आमची उसाची १५ गुंठ्यांची पट्टी आहे, रुंदी जेमतेम २२ मीटर. उपग्रहाच्या चित्रांवरून पिकाची वाढ मोजणारे, पायथॉन या संगणकभाषेतले एक ओपन सोर्स (ज्याचा कोड सर्वांना खुला असतो असे) पॅकेज मी वापरतो. ते शेताच्या कडेने २० मीटर सोडून आतल्या भागाचाच हिशेब करते. त्यामुळे आमच्या पट्टीची फाइल रिकामी येते आणि तशी सूचनाही मिळत नाही. हे दुरुस्त करून पाठवावे असे मनात आहे. पण पायथॉन शिकून वर्षच झाले आहे आणि इंग्रजी बेताचे आहे. माझे काम स्वीकारले जाईल का? चाचणीसाठी गावातल्या ४० शेतकऱ्यांच्या प्लॉटची माहिती, नावे काढून, जोडली तर चालेल का?
— एक वाचक, जि. सांगली

उत्तर : प्रथम एक खात्री करून घ्यावी. मोबाइलच्या जीपीएसवरून घेतलेली हद्द बहुधा अक्षांश-रेखांशांत, म्हणजे अंशांत असते, आणि तशा फाइलवर कडेचे अंतर चालवले तर २० मीटरऐवजी २० अंश धरले जाण्याचा धोका असतो. यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीत सांगली जिल्हा ४३ उत्तर विभागात येतो, तेव्हा हद्द त्या विभागाच्या पद्धतीत (तिचा सांकेतिक क्रमांक ईपीएसजी ३२६४३) आणून, दोन एकरांच्या एखाद्या चौरस प्लॉटवर पॅकेज चालवून पाहावे. तिथे आकडे आले, तर आपली तक्रार रास्त आहे.

मात्र कडेचे अंतर शून्य करून टाकणे, हा त्यावरचा उपाय नव्हे. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या लाल आणि निअर-इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशपट्ट्यांमधला एक पिक्सेल, म्हणजे चित्रातला सर्वांत लहान चौकोन, १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटरचा असतो आणि आपला गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरचा. एक पिक्सेल म्हणजे जवळजवळ एक गुंठा. (गावात कोणाला हे समजावून सांगायचे असेल, तर याहून सोपी तुलना मला सुचलेली नाही.) कडेच्या पिक्सेलमध्ये बांधावरचे झाड, पाणंद, शेजारची हळद असे सगळे मिसळते, म्हणून कड सोडण्याची पद्धत योग्यच आहे. १०० एकरांच्या चौरस शेतात २० मीटर सोडल्याने सुमारे १२ टक्के क्षेत्र कमी होते, तर आपल्या पट्टीत काहीच उरत नाही. १० मीटर सोडले तरी मध्ये २ मीटरचाच पट्टा राहतो. पॅकेज लिहिणाऱ्यांनी डोळ्यांसमोर ठेवलेले शेत आणि आपले शेत यांत हा फरक आहे, आणि तो त्यांना नेमका दाखवून देणे, हेच मोठे योगदान ठरेल.

म्हणून सुधारणा लहान सुचवावी. मूळ अंतर तसेच ठेवून, कड सोडल्यावर एकही पूर्ण पिक्सेल उरत नसेल तर पॅकेजने रिकामी फाइल न देता तसे स्पष्ट सांगावे. पिक्सेलचा जितका भाग हद्दीत येतो तितकेच वजन त्याला देणारा पर्याय पुढे मागता येईल. पण तो वेगळा विषय आहे आणि एका पुल रिक्वेस्टमध्ये (आपला बदल सामील करून घेण्याच्या विनंतीत) दोन विषय घातले की तपासणारा दोन्ही विषय बाजूला ठेवून देतो. आधी प्रकल्पाच्या पानावर इश्यू, म्हणजे तक्रारीची नोंद, उघडून पॅकेजची आवृत्ती, काय केले, काय अपेक्षित होते आणि काय मिळाले, हे चार-पाच साध्या इंग्रजी वाक्यांत लिहावे. त्यासाठी आपले इंग्रजी पुरेसे आहे. पुष्कळ प्रकल्पांत योगदानाचे नियम सांगणारी फाइल असते, ती वाचावी. उत्तराला काही आठवडे लागले तरी नाउमेद होऊ नये. सांभाळणारी माणसे बहुधा नोकरी करून हे काम पाहत असतात.

गावातल्या प्लॉटची माहिती मात्र जोडू नये. नाव काढले तरी हद्दीचे बिंदू राहतात, बिंदूंवरून गट नंबर आणि गट नंबरावरून सातबारा घरबसल्या पाहता येतो. त्यासोबत वजनकाट्याच्या पावतीवरचे टन दिले, तर त्या घराचे उसाचे उत्पन्न कोणालाही मांडता येईल. पुढे चूक लक्षात येऊन फाइल काढली, तरी गिटच्या (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या) इतिहासात ती शिल्लक राहते आणि ज्यांनी प्रत उतरवून घेतली त्यांच्याकडून ती परत मागता येत नाही. चाचणीला खऱ्या शेताची गरजही नाही. २२ मीटर बाय ६९ मीटरचा काल्पनिक आयत आणि त्यावर आपणच भरलेले आकडे एवढ्याने दोष पुन्हा घडवून दाखवता येतो, आणि अशी छोटी चाचणी तपासणाऱ्यालाही सोयीची पडते.

परवान्याविषयी थोडे. वेगळा करार नसेल, तर आपला कोड सामान्यतः पॅकेजच्याच परवान्याखाली जातो. आपण कोठे नोकरीस असाल आणि हे काम तिथल्या वेळात किंवा तिथल्या संगणकावर केले असेल, तर पाठवण्याआधी मालकाची लेखी परवानगी घ्यावी.