जिनिंगच्या कॅम्पात प्रोस्टेटची टेस्ट ठेवावी का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर मॅडम, मी वणीकडं एका कापसाच्या जिनिंगमध्ये सुपरवायझर आहो, वय ५३. सीझन सुरू व्हायच्या आधी मालक कामगारांसाठी तपासणी कॅम्प ठेवतो म्हणते, शुगर-बीपी तर आहेच पण लॅबवाला म्हणते का पुरुषांची प्रोस्टेटची टेस्ट पण टाकून देतो. आमच्या काट्यावरच्या माणसाच्या मोठ्या भावाले मागच्या साली कंबरदुखी धरली, लय दिवस मालिश अन् गोळ्याच चालल्या, मंग नागपूरले नेलं तं प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात गेलेला निघाला. तवापासून वाटते आपल्या लोकायची टेस्ट व्हावी. पण कोणी ऐकतच नाही. एकानं म्हटलं 'बोट घालून पाहतात म्हणे' तं प्रेसवरची अख्खी गँग पळाली. काही जण म्हणतात रिपोर्ट मालकाकडं गेला तं कामावरून काढन. यायले समजवावं कसं? अन् सगळ्यायचीच करायची का?

उत्तर : भाऊ, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. नाही, सगळ्यांची नाही. रुई उचलणाऱ्या पंचवीस-तीस वर्षांच्या पोराची पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची ही रक्ताची टेस्ट, करून काहीच मिळत नाही, फुकट पैसा. साधारण ५० ते ६९ वयाच्या पुरुषांनी या टेस्टचा विचार करावा, आणि बापाला किंवा सख्ख्या भावाला हा कॅन्सर झाला असेल तर ४५ पासूनच, कारण अशा माणसाची जोखीम इतरांच्या जवळपास दुप्पट असते. म्हणजे तुमच्या यादीत पहिलं नाव त्या काट्यावरच्या माणसाचं पाहिजे, आणि त्याच्या बाकी भावांनाही सांगा. सत्तरीच्या पुढे गेलेल्या, तक्रार नसलेल्या वॉचमन काकांना उगाच टेस्टच्या लाइनीत उभं करू नका.

आता बोटाचं. कॅम्पात फक्त हाताच्या शिरेतून रक्त घेतात, शुगरसाठी घेतात तसंच, आणि याला उपाशीपोटी यायचीही गरज नाही. बोटाची तपासणी, म्हणजे गुदद्वारातून प्रोस्टेट चाचपून पाहणं, लागलीच तर नंतर, डॉक्टरकडे, बंद खोलीत, तुम्ही हो म्हटल्यावर. हे प्रेसवाल्यांना पहिल्या वाक्यातच सांगून टाका, निम्मी गँग तिथंच परत येईल. आणखी एक, टेस्टच्या आधीचे दोन दिवस सायकल लांब हाणायची नाही आणि संबंध ठेवायचे नाहीत, नाहीतर आकडा उगाच वाढून येतो. लघवीला इन्फेक्शन झालेलं असेल तर सहा आठवडे थांबा. प्रोस्टेटसाठी फिनास्टराइडची गोळी चालू असलेल्यानं ते आधी सांगावं, त्या गोळीनं आकडा निम्मा दिसतो.

प्रोस्टेट म्हणजे मूत्राशयाच्या खाली असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी, फक्त पुरुषांत असते. पीएसए हे तिच्यातून रक्तात येणारं प्रोटीन. साधारण ४ च्या वर गेलं की डॉक्टर लक्ष देतात, पण ४ च्या वर म्हणजे कॅन्सर असं अजिबात नाही, वाढलेल्यांपैकी चारातल्या तिघांना कॅन्सर नसतोच, ग्रंथी वयानं फुगलेली असते किंवा सूज असते. म्हणून आधी काही आठवड्यांनी टेस्ट परत, मग गरज असली तर एमआरआय, आणि त्यानंतर बायोप्सी, म्हणजे ग्रंथीचा बारीक तुकडा काढून तपासणं. उलटही होतं बरं का, आकडा नॉर्मल असून कॅन्सर असू शकतो.

फायदा किती ते पण खरं सांगा, वाढवून नको. युरोपातल्या आठ देशांत झालेल्या मोठ्या अभ्यासात १६ वर्षांनंतर तपासणीच्या गटात या कॅन्सरचे मृत्यू साधारण २० टक्के कमी झाले, पण एक मृत्यू टाळायला ५७० जणांना बोलवावं लागलं आणि १८ जास्तीचे कॅन्सर सापडले. त्यातले बरेच इतके हळू वाढणारे की माणसाला आयुष्यभर त्रास झाला नसता. ऑपरेशन किंवा रेडिएशन झालं की काहींची लघवी गळते, काहींना संबंध जमत नाहीत, म्हणून अशा सौम्य कॅन्सरवर लगेच कापाकापी न करता नुसतं लक्ष ठेवतात. हे सगळं ऐकून कोणी नको म्हटलं तर त्याला भित्रा म्हणू नका. जबरदस्तीची पीएसए मला मान्यच नाही.

तरी कॅम्प कामाच्या जागी असावा याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. दुखत नसलेल्या गोष्टीसाठी रोजी बुडवून वणीला जाणारा माणूस मी तरी पाहिला नाही, आणि हा कॅन्सर सुरुवातीला दुखत नाही, हीच तर पंचाईत आहे. म्हणून टेस्ट ड्युटीच्या वेळात ठेवा, रोजी कापायची नाही. आणि भाषण मालकाचं नको, काट्यावरचा माणूस तयार असेल तर त्यालाच बोलू द्या, भावाचं काय झालं ते तो दोन वाक्यात सांगेल आणि माझ्यासारखीच्या अर्ध्या तासापेक्षा ते जास्त कामाचं.

रिपोर्टची भीती मात्र खरी आहे, हसण्यावारी नेऊ नका. मालकाला आधीच विचारून घ्या आणि कागदावर घ्या : रिपोर्ट बंद पाकिटात ज्याचा त्याच्या हातात, मालकाला फक्त किती जणांची झाली तो आकडा, आणि फिटनेसच्या कागदाशी पीएसएचा संबंध नाही. दुसरं, लॅबवाल्याला विचारा की ज्याचा आकडा वाढेल त्याला पुढं कोण पाहणार. यवतमाळचं मेडिकल, सेवाग्राम, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, कुठं पाठवायचं ते आधी ठरवा, महात्मा फुले योजनेचे कागद काय लागतात ते पण. याचं उत्तर त्याच्याकडे नसेल तर पीएसए कॅम्पातून काढून टाका, कामगाराला नुसती धास्ती देऊन घरी पाठवणं चांगलं नाही.

आणि हो, डॉक्टर येणारच आहे तर तोंड उघडून दाखवायला लावा सगळ्यांना. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, खाणाऱ्या आपल्या भागात ते तर पीएसएच्याही आधी. सरकारी तपासणीत ३० वर्षांपुढच्यांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, प्रोस्टेट नाही.

प्रश्न : मॅडम, मी दर्यापूरकडची. आमचे हे ६१ वर्षांचे, शेती करतात. रात्री चारदा उठतात, धार बारीक झाली. उन्हाळी लागली म्हणतात, धने-जिऱ्याचं पाणी पाजून झालं. गावात पुढच्या महिन्यात कॅम्प आहे, तेव्हा दाखवू का?

उत्तर : ताई, कॅम्पाची वाट पाहू नका. कॅम्प तक्रार नसलेल्यांसाठी असतो, यांना तक्रार आहे. बहुतेक ग्रंथी फुगलेली असेल, या वयात फार जणांना होते, गोळ्यांनी आराम पडतो. पण लघवीची तपासणी, शुगर आणि सोनोग्राफी आता करून घ्या, पीएसए कधी करायची ते डॉक्टर ठरवतील. लघवीत रक्त दिसलं, किंवा पोट फुगून लघवी अडकली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना. आणि धने-जिऱ्याचं पाणी द्यायचं तर दिवसा द्या, झोपायच्या आधी नको, नाहीतर पाचव्यांदा उठतील.