जेलीफिश, प्रवाळ आणि समुद्रफूल एकाच संघात कसे? कोल्हापुरात यातलं जिवंत काही बघायला मिळेल का?

तुम्ही विचारलंय की एक तरंगणारी छत्री, एक दगड आणि एक फूल, हे तिन्ही पुस्तकात एकाच निडारिया संघात का कोंबलेत. आणि समुद्र नसलेल्या कोल्हापुरात यातलं जिवंत काय दिसेल. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण त्यातच पहिल्याचं आहे: हायड्रा बघा. हा याच संघातला, पण गोड्या पाण्यातला प्राणी.

मी इथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये तीस वर्षं असिस्टंट होतो. सर शिकवायचे, मी बरण्या पुसायचो. फॉर्मलीनमधली ऑरेलिया जेलीफिश पार पिवळी पडलेली, शहाळ्याच्या मलईसारखी. पोरं तिची आकृती काढून मोकळी. मेलेल्या नमुन्यावरून हा संघ कळत नाही, हे माझं ठाम मत.

हायड्रा मात्र आम्ही जिवंत आणायचो, करवीर तालुक्यातल्या एका शेततळ्यातून. पाच-दहा मिलिमीटरचा तपकिरी दोरा, टोकाला पाच-सहा शुंडकं. काचेच्या वाटीत ठेवून शेजारी एक डाफ्निया (तळ्यातला पिसवेएवढा बारीक जीव) सोडायची. ती झटके देत पोहते, पोहता पोहता शुंडकाला घासते आणि तिथंच थांबते. दोन-चार क्षण तडफड, मग शुंडक आखडत तोंडाकडं. थोड्या वेळानं हायड्राच्या पारदर्शक पोटात डाफ्नियाचा काळा डोळा दिसतो. हे बघायला आमच्याकडं सूक्ष्मदर्शकापाशी रांग लागायची.

ती डाफ्निया थांबली कशानं? दंशपेशीनं. या पेशीत एक कुपी असते आणि कुपीत गुंडाळलेला पोकळ धागा. सदऱ्याची बाही आत उलटी गेलेली असावी, तसा तो आत वळलेला असतो. आतला दाब वातावरणाच्या सुमारे १५० पट. पेशीच्या बाहेर आलेल्या केसाला धक्का लागला की झाकण उघडतं, धागा सुलटा होत बाहेर पडतो, भक्ष्याच्या अंगात घुसतो आणि विष सोडतो. २००६ साली हायड्राच्या या पेशीचं अतिवेगवान कॅमेऱ्यानं चित्रण झालं. काटा सुटायला ७०० नॅनोसेकंद लागले, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी. आपल्याकडं म्हणतात तसं, खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी. एक कुपी एकदाच वापरायची, मग तिच्या जागी नवी पेशी.

जेलीफिश, समुद्रफूल, प्रवाळ, सगळ्यांकडं हेच हत्यार. संघाचं नावच मुळी खाजकुइलीसारख्या झोंबणाऱ्या झाडाच्या ग्रीक शब्दावरून आलंय. ही खूण इतकी पक्की की माशांच्या अंगात राहणारे मिक्सोझोआ नावाचे सूक्ष्म परजीवी, ज्यांना पूर्वी एकपेशीय समजायचे, तेही अखेर याच घरचे निघाले. त्यांच्या बीजाणूत तीच धाग्याची कुपी होती. पुढं जनुकांनीही तेच सांगितलं. आणि या खटक्याला मेंदूची परवानगी लागत नाही. (मेंदू नाहीच, नुसतं मज्जातंतूंचं जाळं.) म्हणून किनाऱ्यावर मरून पडलेल्या जेलीफिशलाही हात लावायचा नाही.

राहिला आकार. पेला टेबलावर सरळ ठेवा, तोंड वर, काठाला शुंडकं: हा पॉलिप. हायड्रा, समुद्रफूल आणि प्रवाळ हे असेच. तोच पेला पसरट करून उलटा धरा आणि त्याच्या भिंतीच्या दोन थरांच्या मधे भरपूर जेली भरा: ही जेलीफिश. गंमत म्हणजे ऑरेलिया एकाच आयुष्यात दोन्ही होते. तिची अळी तळाला चिकटून पॉलिप बनते, मग तो पॉलिप बशांच्या चळतीसारखा आडवा कापला जातो आणि एकेक बशी सुटून पोहायला लागते. समुद्रफूल आणि प्रवाळ हा पोहण्याचा भाग गाळूनच टाकतात.

प्रवाळ प्राणी आहे हे पटायलाही हायड्राच उपयोगी पडला. पेसोनेल नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १७२०च्या दशकात सांगितलं होतं की पोवळ्याची 'फुलं' म्हणजे प्राणी आहेत. पॅरिसच्या विद्वानांनी ते मनावर घेतलं नाही. मग १७४० साली हॉलंडमध्ये दोन मुलांची शिकवणी घेणाऱ्या ट्रेम्बले यानं हायड्रा हे झाड की प्राणी हे ठरवण्यासाठी त्याचे दोन तुकडे केले. झाडाच्या कलमासारखे दोन्ही तुकड्यांचे पूर्ण हायड्रा झाले. म्हणजे झाड म्हणावं, तर हे चालतं आणि शिकार करून खातं! त्यानंतर पेसोनेलचं म्हणणं मानलं गेलं.

गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, मंगळासाठी म्हणून अंगठीत बसवून देतात ते अस्सल लाल पोवळं भूमध्य समुद्रातल्या अशाच पॉलिपांच्या वसाहतीचा सांगाडा असतं. त्याच्या प्रत्येक पॉलिपला पिसासारखी आठ शुंडकं. खडक बांधणाऱ्या प्रवाळांचा आणि समुद्रफुलांचा हिशेब मात्र सहाच्या पटीत, त्यामुळं ती दोघं एकमेकांची जास्त जवळची. मंगळाचं मला विचारू नका.

समुद्रच बघायचा असेल तर आंबा घाट उतरून रत्नागिरीला जा, पूर्ण ओहोटीला कातळातल्या डबक्यांत समुद्रफुलं शोधा. मालवणला प्रवाळही आहे, पण तुकडा उचलून आणू नका. वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे.

घरी हायड्रासाठी: स्वच्छ तळ्यातली पाणवनस्पती तिथल्याच पाण्यासकट काचेच्या बरणीत घ्या. नळाचं पाणी घालू नका. क्लोरीननं माझी एक अख्खी बॅच प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री मेली होती आणि सकाळी सरांसमोर मी रिकामी वाटी घेऊन उभा होतो. बरणी खिडकीत ठेवा, ऊन थेट नको, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हलवू नका. उजेडाच्या बाजूला काचेवर बारीक दोरे दिसले की काडीनं हळूच एकाला शिवा. आखडून मोहरीएवढा गोळा झाला तर तो हायड्रा. नाहीच झाला, तर शेवाळाचा धागा असेल, दुसरं तळं बघा.