आठ माइक लावायचे, तर आधी इंटरफेसची मागची बाजू बघा

प्रश्न : भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग घरीच करायचं आहे. मुख्य गायकाला एक, टाळकऱ्यांच्या आवाजाला दोन, टाळांना दोन, पेटीला एक आणि पखवाजाला दोन असे आठ माइक लागतील. सध्या दोन माइकचा यूएसबी इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा डबा) आहे. त्याला आठ चॅनलचा प्रीअँप (माइकचा क्षीण आवाज मोठा करणारं यंत्र) जोडायचा तर कोणता घ्यावा? महागड्या प्रीअँपने आवाजाला गोलाई येते म्हणतात, ते खरं का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : प्रीअँपचं नाव नंतर ठरवू. आठ आवाज लॅपटॉपमध्ये शिरणार कुठून, ते आधी बघा. इंटरफेसच्या मागे छोट्या झाकणाचं चौकोनी ऑप्टिकल भोक आहे का? असलं तर त्यावर ‘एडॅट’ लिहिलंय की नुसतं ‘एसपीडिफ’? (डिजिटल आवाज नेण्याच्या या दोन पद्धती.) दोन्हींचं भोक सारखंच आणि केबलही तीच, पण एसपीडिफमधून दोनच चॅनल जातात, एडॅटमधून आठ. काही इंटरफेसवर एकच भोक दोन्ही कामं करतं आणि सॉफ्टवेअरमधून बदलावं लागतं, म्हणून पुस्तिका वाचाच. ऑडियंटच्या आयडी१४ला दोनच माइक लागतात, तरी मागे एडॅट आहे. फोकसराइटच्या स्कार्लेट २आय२ला नाही. तुमचा इंटरफेस दुसऱ्या जातीचा असेल तर कितीही चांगला प्रीअँप आणा, दोनाचे आठ होणार नाहीत. मग जुना विकून आठ माइकचा इंटरफेसच घ्या. बेहरिंगरच्या यूएमसी१८२०मध्ये आठ प्रीअँप आहेत आणि वर एडॅटही, म्हणजे पुढे सोळापर्यंत जाता येतं.

प्रीअँपला मागे आठ अॅनालॉग आउट असतात, ते वापरू असं काहींना वाटतं. त्यासाठी इंटरफेसला तेवढे लाइन इन (आधीच मोठा झालेला आवाज घेणारी भोकं) हवेत. प्रीअँपची एक्सएलआर (तीन पिनांची माइकची केबल) इंटरफेसच्या माइकच्या भोकात खुपसली की एकावर एक असे दोन प्रीअँप चढतात आणि गेन (आवाज वाढवायचं बटण) शून्यावर ठेवूनही आवाज फाटतो.

एडॅट असेल तर बेहरिंगरचा एडीए८२०० हा स्वस्तातला सरळ मार्ग. त्याच्या दोन मर्यादा आधीच माहीत असू द्या. तो ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झवरच (सेकंदाला आवाजाचे तितके हजार नमुने) चालतो. भजनाला ४८ भरपूर झालं. एडॅटच्या एका केबलमधून ९६वर तसेही चारच चॅनल जातात, तेव्हा त्या आकड्याच्या मागे लागू नका. दुसरं म्हणजे ४८ व्होल्टच्या फँटमचं (माइकला केबलमधूनच मिळणाऱ्या विजेचं) बटण सगळ्या आठांना मिळून एकच. नीट जोडलेल्या केबलवरच्या साध्या डायनॅमिक (वीज न लागणाऱ्या) माइकला फँटमने काही होत नाही. मात्र मंडपवाल्याकडून आणलेली, एका टोकाला एक्सएलआर आणि दुसऱ्याला मोनो जॅक अशी केबल इथे चालणार नाही. जुना रिबन माइक असेल तर तो या डब्याला लावूच नका. माइक आधी जोडा, स्पीकर बंद करा, मग फँटम द्या.

सगळ्यात जास्त चुका क्लॉकमध्ये, म्हणजे आवाजाचे नमुने मोजणाऱ्या घड्याळात होतात. दोन यंत्रांपैकी मोजणी एकानेच करायची. प्रीअँपच्या एडॅट आउटमधून इंटरफेसच्या एडॅट इनमध्ये केबल घाला, प्रीअँप ‘इंटर्नल’ ४८वर ठेवा आणि इंटरफेसच्या सॉफ्टवेअरमध्ये सिंक सोर्स ‘एडॅट’ निवडा. दोघेही ‘इंटर्नल’वर राहिले की थोड्याथोड्या वेळाने टिक्‌ असा आवाज येतो, आणि माणूस उगाच माइकची केबल बदलत बसतो. दुसरी गंमत अशी : प्रीअँप ४४.१वर, प्रोजेक्ट ४८वर. रेकॉर्ड करताना सगळं ठीक वाटतं. नंतर प्रीअँप बंद करून ऐकलं की पांढरी एकची पेटी काळी एक आणि पांढरी दोनच्या मधे कुठेतरी वाजते, आणि लयही चढलेली. बुवा पेटीवाल्यावर चिडतात!

आता गोलाई. एसएम५८सारखा माइक १ पास्कलला म्हणजे ९४ डेसिबलला सुमारे १.९ मिलिव्होल्ट देतो. प्रीअँपचा स्वतःचा खरखराट उणे १२५ डीबीयू (विजेच्या पातळीचं माप) धरला (हा काही फार भारी आकडा नाही), तरी हिशेबाने तो खोलीतल्या २१ डेसिबल आवाजाएवढाच होतो. पंखा चालू असलेली खोली ३५-४०च्या खाली जात नाही. उणे १२८चा महागडा प्रीअँप घेऊन वाचतात तीन डेसिबल, तेही पंख्याखाली गाडलेले. त्या पैशात जाड गोधड्या, चांगले स्टँड आणि नीट केबल घ्या. आणि टाळांचे दोन माइक यादीतून काढाच. टाळकऱ्यांसमोरच्या माइकमध्ये टाळ येतोच, नको तेवढा येतो. ते माइक तोंडाजवळ, टाळांपासून जमेल तितके वर ठेवा. सहा माइकमध्ये भजन व्यवस्थित होतं. उरलेल्या दोन जागा ज्या दिवशी एखादं भोक बिघडेल त्या दिवशी कामाला येतील.

जागेचा हिशेब : २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर एक ट्रॅक मिनिटाला ८.६४ एमबी खातो. आठ ट्रॅकचा तासभर म्हणजे सव्वाचार जीबीच्या आतबाहेर. एकादशीला रात्रभर भजन चालणार असेल तर डिस्क आधी रिकामी करा. गेन असा लावा की सगळ्यात जोराच्या गजरालाही मीटर उणे १०च्या वर जाणार नाही.

प्रश्न : आठ चॅनलचं युनिट आणल्यापासून सगळ्या ट्रॅकवर गुणगुण आहे. आधीच्या छोट्या इंटरफेसवर नव्हती. यंत्र परत करावं का?
— शहादा

उत्तर : परत करण्याआधी अर्धा तास द्या. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. गुणगुण गेली तर यंत्र निर्दोष आहे, चार्जर आणि युनिट वेगवेगळ्या सॉकेटवर असल्याने अर्थिंगचा फेरा पडलाय. सगळं एकाच पट्टीवर घ्या. गेली नाही तर एका चॅनलचा गेन कमी-जास्त करा. गुणगुण गेनबरोबर बदलली तर ती माइक किंवा केबलमधून येते, तशीच राहिली तर प्रीअँपच्या नंतरच्या वाटेवरून. पहिल्या प्रकारात केबल एकेक उपटत जा, दोषी आपोआप सापडते. माइकची केबल विजेच्या वायरला समांतर नेऊ नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

एवढ्यानेही भागलं नाही तर वायरमनला बोलावून सॉकेट मोजून घ्या. फेज-अर्थमध्ये फेज-न्यूट्रलइतकेच, म्हणजे २३०च्या आसपास व्होल्ट हवेत. तिथे शे-दीडशे दिसले तर अर्थ नावालाच आहे. आपल्याकडे काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थच्या दांड्याला मातीची पकडच राहत नाही. पावसाळ्यात शांत असलेला सेट एप्रिलमध्ये गुणगुणतो तो यामुळे. अर्थच्या खड्ड्यात नियमित पाणी घाला, गरज पडली तर दांडा नव्याने बसवून घ्या. अर्थची पिन तोडून गुणगुण घालवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. माइकच्या धातूला ओठ लावून गाणाऱ्याच्या जिवाशी तो खेळ आहे.

भार नियमनाच्या वेळी रेकॉर्डिंग करत असाल तर इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्ह आहे ना ते बघा. स्क्वेअर वेव्हवर सेट भुंग्यासारखा वाजतो. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरही तेच करतो. पंखा बंद ठेवा किंवा पूर्ण वेगाने चालवा.

प्रश्न : मे महिन्यात खोली तापते. प्रीअँप अॅम्प्लिफायरवर ठेवला तर चालेल?
— भुसावळ

उत्तर : नाही. रॅकमध्ये वर-खाली एकेक खण रिकामा सोडा आणि बाजूच्या जाळ्या मोकळ्या ठेवा. कूलरने खोली आधी गार करून घ्या आणि टेकपुरता तो बंद ठेवा. कूलरचा ओला झोत यंत्रावर येऊ देऊ नका.

प्रश्न : होळीला मोठा ढोल आणि पावरी (फुंकून वाजवायचं आदिवासी वाद्य) उघड्यावर रेकॉर्ड केली. गेन अगदी तळाला असूनही ढोल फाटला, पावरी मात्र छान आली. प्रीअँप कमी पडला का?
— धडगाव

उत्तर : प्रीअँप कमी पडला नाही, माइक जास्त बोलला. २० मिलिव्होल्ट संवेदनशीलतेचा कंडेन्सर (फँटमवर चालणारा माइक) १३० डेसिबलला सव्वा व्होल्ट देतो, आणि ढोलाजवळ थापेचा माथा त्याहूनही वर जाऊ शकतो. तिथे साधा डायनॅमिक माइक लावला असता तर याच थापेला एक-दशांश व्होल्टच्या आसपास निघाला असता. कंडेन्सरच वापरायचा असेल तर आधी माइकवरचं पॅडचं (आवाजाची पातळी घटवायचं) बटण दाबा, मग प्रीअँपचं. माइक आतूनच फाटत असेल तर पुढच्या पॅडचा उपयोग नाही. माइकला पॅड नसेल तर अंतर वाढवा. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की सुमारे सहा डेसिबल उतरतात. नवा प्रीअँप घेताना पुस्तिकेत कमीत कमी गेनवरची कमाल इनपुट पातळी बघा. ढोलासाठी ती पॅडसह अधिक १६ डीबीयू किंवा जास्त असावी. पावरीचा माइक ढोलाकडे पाठ करून लावा आणि त्याला वेगळा चॅनल द्या, दोघांना एका माइकवर बसवू नका.